जुने लुगडे आणि नवी कात्री

जुन्या कपड्यांचे आणि घरातील मोडक्यातोडक्या जिनसांचे काय करावे, हा विषय या सदरात पूर्वी अनेकदा येऊन गेला आहे; परंतु अलीकडे येणाऱ्या पत्रांवरून त्याला निराळेच वळण लागलेले दिसते. पूर्वीची गृहिणी विचारी, 'हे विरले, आता याचा कोठे उपयोग होईल?' हल्लीच्या भगिनी विचारतात, 'याचे काहीतरी सुंदर कसे करता येईल?' दोन्ही प्रश्न एकाच गाठोड्यावरून निघालेले असले तरी त्यांची उत्तरे फार भिन्न आहेत. पहिल्याच्या उत्तराने घरात एक पांघरूण वाढते. दुसऱ्याच्या उत्तराने पुष्कळदा घरात एक अशी वस्तू वाढते की, जिच्यावरची धूळ कोणी झाडावी यावरून सासू-सुनांत शब्दाला शब्द लागावा.

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग आपल्याकडे शाळकरी मुलींच्या तोंडीदेखील आहे. इंग्रजीत यास 'अपसायकलिंग' असे भारदस्त नाव मिळाले असून त्या नावाखाली दुकानांतून झोळ्या, पाकिटे, उश्यांचे अभ्रे, भिंतीवर टांगावयाची तोरणे असे कितीतरी सामान विकावयास असते. त्यातील काही खरोखरच नेटके असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु मौज अशी की, रिकाम्या बाटलीला शोभा आणण्यासाठी नवीन लोकर, नवीन रंग, नवीन चकचकीत खडे आणि सरसाची नवीन नळी विकत आणावयाची. आणि ती बाटली वर्षभर कोनाड्यात उभी राहून शेवटी रंग, लोकर, खडे यांसह केरात जावयाची! मुळातली नुसती काच निदान भंगारवाल्याने तरी घेतली असती. अशा कामास काटकसर म्हणता येत नाही. हौस म्हणावी, आणि हौस म्हणूनच तिचा खर्च मांडावा. मग आमची काही तक्रार नाही.

आपल्या घरांतून जुन्या कापडाची जी रीत होती ती यापेक्षा अधिक विचाराची होती. तिला कोणी शास्त्र म्हटले नाही, पण तिच्यात शास्त्र होते. कापडाला उतरत्या पायऱ्या असत आणि प्रत्येक पायरीवर त्याच्याकडून तेवढेच काम घेतले जाई, जेवढे करण्याची त्याची शक्ती उरली असेल. नऊवारी लुगडे प्रथम विरे ते बसण्याच्या जागी आणि कासोट्याच्या घासणीत. तेव्हा मधला विरलेला भाग कापून टाकावयाचा, दोन्हीकडचे धडके भाग एकमेकांस जोडावयाचे आणि ते पुन्हा नेसावयाचे. यास लुगड्यास दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडे नेसून कोणी लग्नास जात नसे, परंतु स्वयंपाकघरात त्याचा संकोच वाटत नसे. तेही चालेनासे झाले म्हणजे त्यातून मुलीचा परकर निघे. परकर विरला की मऊ झालेल्या कापडाचे बाळंतिणीसाठी दुपटे, अंगडे, लंगोट होत. राहिलेल्याची गोधडी होई. गोधडीच्याही चिंध्या झाल्या म्हणजे पायपुसणे, मसोते, पोतेरे. आणि जे कापड स्वच्छ, सुती व पांढरे असेल त्याची लांब पट्टी पिळून पहाटेच्या आरतीचा काकडा करीत. धोतरजोडीचीही थोडीफार अशीच वाट होती. कापडाचा असा शेवट होत असे की, त्यात टाकून देण्याचा क्षण कोठे आला हे सांगता येऊ नये.

या उतरंडीतील एक पायरी चुकविली की नुकसान होते. धड असलेले लुगडे एकदम कातरून त्याची सहा पाकिटे शिवणे म्हणजे वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी मारणे होय. पाकिटे कितीही गोड दिसोत, दहा वर्षे नेसता आले असते असे वस्त्र त्यात गेले. उलट, पार जिरलेल्या कापडाची खांद्यावरची पिशवी शिवणे म्हणजे म्हाताऱ्या बैलास पुन्हा औतास जुंपणे. ती पहिल्याच बाजारात बटाट्यांसह रस्त्यावर बसते. म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी कापड उजेडासमोर धरून पाहावे. जेथे आरपार सारखा उजेड दिसतो तेथे ते विरले आहे. दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणावे. 'चर्र' असा आवाज आला तर त्या भागाकडून ताणाचे काम घेऊ नये. काठ मात्र बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहतो, कारण तो दाट विणलेला असतो. गोट, नाडी, पिशवीचे बंद ही कामे काठाची.

द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटास चिंधी बांधली ती कथा सर्वांस ठाऊक आहे. सुभद्रेस घरात चिंधी सापडेना आणि द्रौपदीने अंगावरचा भरजरी पीतांबर फाडला, असे कीर्तनकार सांगतात. भक्तीच्या दृष्टीने द्रौपदीचा जय झाला हे योग्यच आहे. पण घरसंसाराच्या दृष्टीने पाहता सुभद्रेची अडचण आज घरोघर आहे, असे म्हणावे लागते. कपाटे भरून कपडे असतात आणि विळीवर बोट कापले तर बांधावयास स्वच्छ, मऊ, सुती असे वीतभर फडके मिळत नाही! याचे कारण आपण निष्काळजी झालो एवढेच नाही. कापड बदलले आहे.

१९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टर तंतू शोधून काढला. पुढे 'टेरिलीन' या नावाने तो आपल्याकडे आला, टेरिकॉट म्हणून सुतात मिसळला गेला, आणि इस्त्री नको, लवकर वाळते, रंग उडत नाही, या तीन गुणांवर त्याने घरे जिंकली. गुण खरे आहेत. परंतु उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर हे कापड निरुपयोगी ठरते, ही गोष्ट विकत घेताना कोणी सांगत नाही. साधारण दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या शेकडा ८ भागांइतकी ओल आपल्यात सामावून घेतो. पॉलिएस्टर अर्धा भागही घेत नाही. म्हणजे त्याचे पायपुसणे पाय पुसत नाही, पोतेरे पाणी पुढे ढकलते, दुपटे बाळाला ओले ठेवते आणि गोधडीत घाम येतो. जुनी पॉलिएस्टरची साडी मऊ होत नाही. ती फक्त जुनी होते.

यातील धोक्याची बाब स्वयंपाकघरातील आहे, म्हणून ती विस्ताराने सांगतो. हल्ली उरलेल्या रंगीत तुकड्यांची जाड चौकोनी फडकी शिवून ती तापलेली भांडी उतरविण्यासाठी वापरतात. ती भेट म्हणूनही देतात. कल्पना चांगली, पण त्यात एक जरी तुकडा पॉलिएस्टरचा असला, किंवा आत भरण्यासाठी फोम अथवा कृत्रिम कापूस घातला असला, तर तापलेल्या तव्याशी किंवा ज्योतीशी गाठ पडताच ते वितळते आणि वितळलेला रस कातडीस चिकटतो. सुती कापड जळते, पण वितळत नाही. हात झटकून ते टाकून देता येते. यास्तव या कामास निव्वळ सुती कापड आणि आत जुन्या पंचाच्या चार-सहा घड्या, एवढेच असावे. ओल्या फडक्याने तापलेले भांडे कधीही धरू नये, कारण पाण्यामुळे उष्णता त्वरित हातापर्यंत पोहोचते. हे आपल्या आज्या सांगत असत, आणि आम्हीही सांगतो.

कापड सुती आहे की नाही हे ओळखण्याची रीत सोपी आहे. कडेचे चार धागे ओढून घ्यावेत, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, उघड्या जागी, पेटवावेत. सुताचा वास कागद जळाल्यासारखा येतो आणि राख करडी, मऊ, फुंकरीने उडणारी असते. रेशीम व लोकर यांचा वास केस जळाल्यासारखा. काळी गुठळी बोटांत चुरडते. पॉलिएस्टर आक्रसते, थेंब होते आणि थंड झाल्यावर कडक मण्यासारखे राहते. तो मणी चुरडत नाही. मिश्र कापडात दोन्ही लक्षणे थोडीथोडी दिसतात. दुकानदाराच्या शपथेपेक्षा हे चार धागे अधिक विश्वासू आहेत. या कामासाठी मुलांस जवळ घेऊन प्रयोग म्हणून दाखविण्यास हरकत नाही, मात्र काडी आपल्या हाती असावी.

आता गोधडीविषयी. वाकळ, लेपटे अशी तिची आणखी नावे आहेत. घरोघरी आकार-उकार वेगळे असले तरी युक्ती एकच. नऊवारी लुगड्याची लांबी नऊ वार, म्हणजे २७ फूट. रुंदी सुमारे चार फूट. त्याची लांबीत दोनदा घडी घातली की चार पदर होतात आणि लांबी पावणेसात फूट राहते. एका माणसाच्या पांघरुणाचे हे बिनचूक माप आहे! जणू विणकराने नेसण्याचा हिशेब करतानाच पांघरण्याचाही करून ठेवला होता. सहावारी साडीचे तीन पदर सहा-सहा फुटांचे होतात. दोन साड्या एकावर एक घातल्या तर सहा पदरांची थंडीची गोधडी होते. सहाहून अधिक पदर घेऊ नयेत. सुई जात नाही, गेली तर बोट जाते, आणि धुतल्यावर ती दोघांनीही उचलत नाही.

सर्व कापडे आधी एकदा कढत पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावीत. ज्याला आटावयाचे आहे ते शिवण्यापूर्वीच आटू द्यावे. नाही तर पहिल्या धुण्यात एक पदर आखडतो, दुसरा नाही, आणि गोधडीस पोक येते. रंग जातो की नाही हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. इरकली लुगड्याचे अंग सुती असले तरी काठ व पदर बहुधा रेशमी असतात. त्यांचे आटणे सुताप्रमाणे नसते, म्हणून ते आधीच वेगळे काढून ठेवावेत. विरलेला भाग मधल्या पदरांत आणि धड भाग बाहेर, हा सर्वसाधारण नियम.

जमीन स्वच्छ पुसून तीवर पदर एकावर एक अंथरावेत, हाताने मध्यापासून कडेकडे सुरकुत्या सारून द्याव्यात आणि चार कोपऱ्यांस काहीतरी जड ठेवावे. घरात पाटा-वरवंटा अद्याप असेल तर त्यास हे काम द्यावे. तेवढेच त्याचे पांग फिटतील. मग वीत-वीत अंतराने लांब कच्चे टाके घालून सर्व पदर एकत्र बांधून घ्यावेत. या पायरीचा कंटाळा करणाऱ्या भगिनींची गोधडी मध्यभागी फुगते. आपल्याकडची जुनी चाल कडेपासून आरंभ करून चौकोनात चौकोन असा धावदोरा फिरवीत मध्याकडे जाण्याची आहे, आणि पदर आधी घट्ट बांधलेले नसतील तर सारी ढिलाई मध्याकडे ढकलली जाते. कच्चे टाके हे तिचे लगाम आहेत.

दोरा सुती व दुहेरी असावा. कृत्रिम दोरा अधिक मजबूत म्हणून घेतात, परंतु जुन्या कापडापेक्षा बळकट असलेला दोरा हळूहळू कापडच कापतो. शिवण दोऱ्याने तुटावी, कापडाने नव्हे; दोरा पुन्हा घालता येतो.

दोन ओळींत एक इंच अंतर धरले आणि एका इंचात तीन टाके धरले तर एका नऊवारीच्या गोधडीस ११,००० हून अधिक टाके लागतात. हा हिशेब आम्ही मुद्दाम मांडला. ज्या भगिनींना गोधडी बाहेरून शिवून घ्यावयाची आहे, त्यांनी शेजारच्या आळीतील शिवणाऱ्या बाईंशी 'जुनेच तर कापड आहे, त्याला काय पैसे पडायचे?' अशी घासाघीस करण्यापूर्वी तो आठवावा. कापड जुने आहे. टाके मात्र प्रत्येक नवा आहे. ज्या दुकानात गोधडीचे नुसते चित्र छापलेली चादर निमूटपणे मागेल त्या किमतीस घेतली जाते, त्या दुकानापेक्षा या बाईंचा अधिकार मोठा आहे.

हे काम केवळ आपलेच आहे असे मात्र समजू नये. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया 'कवंदी' नावाच्या गोधड्या करतात. त्याही कडेपासून मध्याकडे जातात आणि चार कोपऱ्यांस घड्या घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुले लावतात. बंगालची कांथा जुन्या साड्या-धोतरांचीच, आणि तिचे धागेही पुष्कळदा साड्यांच्या काठांतून उसवून काढलेले असत. बिहारात सुजनी आहे. जपानात शेतकऱ्यांच्या घरची ठिगळांवर ठिगळे घातलेली 'बोरो' वस्त्रे आज संग्रहालयांत काचेमागे ठेवलेली आहेत. ज्यांनी ती शिवली त्यांना ती झाकून ठेवावीशी वाटत असतील. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात १ जून १९४१ पासून १५ मार्च १९४९ पर्यंत कपड्यांवर नियंत्रण होते आणि तेथील सरकारने १९४३ साली 'मेक डू अँड मेंड' या नावाची पुस्तिका काढून जुन्यास ठिगळ कसे लावावे, पुरुषाच्या कोटाचा बाईचा झगा कसा करावा, हे स्त्रियांस शिकविले. त्याच १९४३ साली आपल्याकडेही सुती कापड व सूत यांवर सरकारी नियंत्रण आले. आपल्या घरांतील गृहिणींस त्यासाठी पुस्तिका लागली नाही. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण तो बेताने वाटून घ्यावा. आपल्या आज्यांची काटकसर पुष्कळ अंशी टंचाईतून आलेली होती, आणि तिची मजुरी दुपारच्या विश्रांतीच्या वेळातून वळती होत असे. आज जी भगिनी कचेरीतून सहा वाजता घरी येते तिने ११,००० टाके घातले नाहीत म्हणून तिला कोणी नावे ठेवू नयेत. घरातील पुरुषमंडळींसही सुईत दोरा ओवता येतो. कच्चे टाके तर निश्चितच घालता येतात.

नागपूरकडील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या मातोश्री गेल्या वर्षी निवर्तल्या. पेटीत चार सुती लुगडी आणि एक पैठणी निघाली. मुली तीन, सून एक. धाकट्या बहिणीचे म्हणणे असे की, पैठणी कापून चौघींनी प्रत्येकी एकेक वस्तू करावी, म्हणजे प्रत्येकीजवळ आईची आठवण राहील. मधलीचे म्हणणे, कशासही हात लावू नये. पत्र लिहिणाऱ्या थोरल्या बहिणीस काय करावे हे कळत नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे की, आईचे अखेरचे चार वर्षांचे आजारपण वहिनींनी काढले आणि वहिनी या विषयावर काहीच बोललेल्या नाहीत.

सुती लुगडी चार आणि घेणाऱ्या चौघी आहेत. येथे देवानेच वाटणी करून ठेवली आहे. चार गोधड्या कराव्यात. सुती लुगडे पेटीत ठेवून ते टिकत नाही. घडीवर पिवळे पडते, कसर लागते, आणि वीस वर्षांनी उघडणारास त्यात आई सापडत नाही, फक्त डाग सापडतात. त्याला वापरात ठेवणे हीच त्याची जपणूक.

पैठणीचे तसे नाही. ती उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांसाठी विणलेलीच नसते. तिचा काठ व पदर धोट्यांनी एकेका रंगाची वीण घालून भरलेला असतो. तो मध्येच कापला की वीण कडेने उसवू लागते, आणि चार उश्यांवर चार मोर बसविले तरी ती पैठणी राहत नाही. शिवाय उशीवर डोके टेकते, तेलाचा हात लागतो, मूल उडी मारते. रेशीम ते किती दिवस सोसणार? कापलेल्या पैठणीचे चार तुकडे दहा वर्षांत चार घरांतून नाहीसे होतील. न कापलेली पैठणी एका घरात राहील आणि चारही घरांतील मुली आपापल्या वेळी ती नेसतील. ती कोणाच्या घरी राहावी, असे आम्हांस विचाराल तर, वहिनींच्या. त्यांनी मागितली नाही, हे त्यांचे सौजन्य झाले. ते मुलींच्या सोयीचे कारण होऊ नये. आमचे हे मत धाकट्या बहिणीस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. वाटणी समान असावी हा त्यांचा आग्रह चुकीचा नाही. परंतु जिने सेवा केली तिचा वाटा समान वाटणीत बुडतो, ही गोष्ट आपल्या कुटुंबांतून इतक्या वेळा घडलेली आहे की, एकदा तरी ती उलट घडावी.

पैठणी ठेवण्याची रीतही येथेच सांगून टाकतो, कारण जुन्या सुती कापडाचे सर्वांत मोलाचे काम तेथे आहे. खळ नसलेल्या, अनेकदा धुतलेल्या पांढऱ्या धोतरात ती गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत रेशीम कोंडते व ओल धरते. डांबराच्या गोळ्या जरीस किंवा रेशमास लागतील अशा कधीही ठेवू नयेत. दर दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून, सावलीत वारा देऊन, निराळ्या जागी घडी घालावी; रेशीम तुटते ते घडीवरच. अत्तर जरीवर शिंपडू नये. आणि पैठणी कितीही जीर्ण झाली तरी जर विकत घेणारा दारी आला म्हणून त्यास देऊन टाकू नये. खरी जर चांदीची असते. विकत घेतलेले वस्त्र जाळून त्यातील चांदी काढून घेतात. ज्यास हे चालेल त्याने खुशाल द्यावे, पण काय होणार आहे हे माहीत असून द्यावे.

बोहारणीविषयी दोन शब्द. गाठोडे घेऊन दारी येणारी आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई आपल्या विनोदी लेखकांनी फार रंगविली आहे. एका पातेल्यासाठी सात साड्या घेऊन वर आणखी एक पँट मागणारी! परंतु तिने नेलेले कापड वाया जात नाही. धड असेल ते धुऊन, शिवून जुन्या बाजारात जाते. सुती चिंध्या कारखान्यांतून यंत्रे पुसावयास जातात. लोकरीच्या जुन्या कपड्यांचे धागे सोडवून पुन्हा सूत कातण्याचा व घोंगड्या-ब्लँकिटे विणण्याचा मोठा धंदा हरियाणातील पानिपत येथे आहे. सुती चिंध्यांचा कागदही होतो. पुण्यात १९४० साली निघालेल्या हातकागद संस्थेमुळे ती गोष्ट पुणेकर भगिनींस तरी अपरिचित नसावी. म्हणून ज्या कापडाचे घरात काहीच होणार नाही असे दिसते त्याचे बळेबळे 'काहीतरी' करण्यापेक्षा ते बोहारणीस देणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे. पॉलिएस्टरच्या साड्या तर अवश्य द्याव्यात, कारण नेसण्याखेरीज त्यांचा दुसरा उपयोग थोडा आहे. त्यातल्या त्यात बाजाराच्या पिशव्या, पावसाळ्यात पेट्यांवर घालावयाची झाकणे आणि गच्चीवरील वेलांस बांधावयाच्या दोऱ्या यांस त्या बऱ्या. पाणी न पिण्याचा त्यांचा दुर्गुण तेथे गुण होतो.

कापडाव्यतिरिक्त इतर जिनसांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १९३७ साली डालडा आला आणि त्याच्या रिकाम्या डब्यात घरोघर तुळस लागली. त्याहून चांगली युक्ती कोणी काढलेली आम्ही पाहिली नाही. तळाला भोके पाडावीत एवढीच सूचना. करवंटीची डवली पूर्वीप्रमाणे आजही करता येते. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी यादीस उपयोगी पडतात. त्यांची फुले करून भिंतीवर लावण्याचे पुष्कळ आराखडे आमच्याकडे आले आहेत, ते आम्ही छापीत नाही.

बाळंतविड्याच्या दुपट्यासंबंधी मात्र अनेकींनी विचारले आहे. नव्या कापडास खळ असते आणि ते तान्ह्या अंगास बोचते, म्हणून जुने घ्यावयाचे. सोवळ्याओवळ्याशी त्याचा काही संबंध नाही. कापड निव्वळ सुती, फिक्या रंगाचे, काठ काढून टाकलेले असावे. ते उकळत्या पाण्यातून काढून उन्हात खडखडीत वाळवावे. बटण, बंद, टिकली, जर यांपैकी काहीही लावू नये. शिवण बाहेरच्या बाजूस ठेवावी. चार पदरांची लहान गोधडी बाळाखाली अंथरावयास उत्तम आहे. परंतु वर्षाच्या आतील मूल निजलेले असता सैल पांघरूण त्याच्या तोंडावर येईल अशा रीतीने घालू नये, असे वैद्यकाचे आजचे सांगणे आहे, आणि ते पाळावे.

गोधडी धुण्याविषयी: वर्षातून दोनदा पुरे, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा होळीच्या सुमारास. भिजल्यावर ती इतकी जड होते की, एका दोरीवर टाकली तर मधली शिवण ताणून उसवते. दोन दोऱ्या हातभर अंतराने बांधून त्यांवर पसरावी, अथवा गच्चीच्या कठड्यावर टाकावी; पिळण्यास दोघे लागतात. प्रथम एक बाजू, दुपारनंतर दुसरी. संध्याकाळी आत आणली म्हणजे लगेच घडी घालू नये, तिच्या पोटातला दमटपणा जाण्यास आणखी एक दिवस लागतो.